कोल्ट्रेनचा सा कुठे आहे?

1959 सालच्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये दोन ध्वनिमुद्रणं झाली. पहिलं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं, 2 मार्च आणि 22 एप्रिलला. त्यात 'सो व्हॉट' नावाची रचना आहे. तिच्या 32 बारच्या आवर्तनात (बार म्हणजे इथे चार मात्रांचा खंड) खालचा पाया फक्त दोनदा बदलतो. दुसरं 'जायंट स्टेप्स'चं, 4 मेला. तिथे 16 बारमध्ये 26 कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) येतात आणि अख्खं आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत आटोपतं. दोन्हीकडे टेनर सॅक्सोफोन वाजवणारा माणूस एकच, जॅझवादक जॉन कोल्ट्रेन.

रागसंगीतावर वाढलेल्या कानाला यातली पहिली रचना चटकन जवळची वाटते आणि दुसरीत तो पार हरवतो. 'जॅझ डोक्यावरून जातो' म्हणणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांची अडचण इथेच असते, आणि ती बुद्धीची नसते, सवयीची असते. कोल्ट्रेन ऐकताना एकच प्रश्न मनात धरून ठेवला तर बरंच काही उलगडतं: आत्ता या घडीला याचा सा कुठे आहे?

आपल्याकडे तानपुरा लागला की सा ठरला. गाणं संपेपर्यंत तो हलत नाही आणि प्रत्येक स्वराला अर्थ मिळतो तो त्या साशी असलेल्या नात्यातून. पाश्चात्त्य संगीतात हे नातं सतत बदलत ठेवायची सोय आहे. घरी हार्मोनियम असेल तर करून बघा. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकदम दाबली की एक कॉर्ड तयार होते. तिच्यावर पांढरी तीनचा स्वर गा. तो शुद्ध गांधार आहे. आता गळ्यातला स्वर तसाच ठेवून खालचा पाया पांढरी सहावर न्या. गळा जागचा हलला नाही, पण गांधाराचा पंचम झाला. पाया पांढरी तीनवरच आणलात तर तोच स्वर षड्ज.

जॅझवादक या सरकत्या पायावर उपज करतो. आधी धून वाजते. तिच्याखालच्या कॉर्डचा क्रम ठरलेला असतो. धून झाली की तोच क्रम पुन्हा पुन्हा फिरतो आणि एकेक वादक त्याच्यावर ऐन वेळी नवं काही रचत जातो. म्हणजे आवर्तन आहे, समेसारखी जागाही आहे, फक्त आवर्तनाच्या पोटात साच जागा बदलतो. गायकाला ताल सांभाळावा लागतो तसा या वादकाला ताल आणि पाया दोन्ही सांभाळावे लागतात.

जॅझ आपल्याला अगदीच परका होता असं नाही. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो वाजत होता, आणि पुढे गोव्याच्या वादकांनी तो हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात इतका मुरवला की आपण तो जॅझ म्हणून ओळखलाही नाही. पण तो मुख्यतः नाचाचा जॅझ. कोल्ट्रेन ज्या पिढीतला, तिने 1940च्या दशकात जॅझ नाचघरातून उठवून बसून ऐकायच्या मैफिलीत आणला होता. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हा त्या पिढीचा देव. कोल्ट्रेनने त्याला 1945मध्ये फिलाडेल्फियात ऐकलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

कोल्ट्रेनचा जन्म 23 सप्टेंबर 1926चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट गावचा. बालपण त्याच राज्यातल्या हाय पॉइंटमध्ये गेलं. आजोबा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक, वडील शिंपी आणि हौसेने वाद्यं वाजवणारे. पोरगा बारा वर्षांचा असताना थोड्याच काळात घरातली कर्ती माणसं एकामागून एक गेली, त्यात वडीलही. आई घरकामाच्या नोकरीसाठी उत्तरेकडे गेली आणि 1943मध्ये तोही तिच्यामागे फिलाडेल्फियाला आला. तिथे संगीतशाळा, मग नौदलातली नोकरी आणि हवाईतला बँड, मग डिझी गिलेस्पीसह अनेकांच्या वाद्यवृंदांत रोजंदारी. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कोल्ट्रेन हा कुणी मोठा वादक नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1955मध्ये माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती.

त्यांच्या नाक मुरडण्याला कारणही होतं. कोल्ट्रेन चाचपडत वाजवायचा. शिवाय त्याला हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. त्या पिढीच्या जॅझला लागलेली ही कीडच म्हणायची. पार्कर 1955मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला. 1957च्या वसंतात माइल्सने कोल्ट्रेनला काढून टाकलं. तो फिलाडेल्फियाला आईच्या घरी गेला आणि तिथे व्यसन सोडलं. पुढे त्याने स्वतः लिहून ठेवलं की 1957 साली ईश्वरकृपेने आपल्याला आध्यात्मिक जाग आली. हे वाक्य त्याच्या सगळ्या चरित्रांत कोरून ठेवल्यासारखं येतं. मला मात्र त्याच वर्षातली दुसरी घटना संगीतासाठी तितकीच मोठी वाटते.

ती म्हणजे पियानोवादक थेलोनियस मंकची साथ. 1957च्या उन्हाळ्यापासून वर्षअखेरीपर्यंत कोल्ट्रेन न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात मंकच्या साथीला होता. मंकच्या रचना तिरकस, त्याचा पियानो अर्ध्यात गप्प बसणारा. कधीकधी तर तो पियानो सोडून उठायचा आणि मंचावरच नाचायला लागायचा. मग कोल्ट्रेन, बास आणि ड्रम एवढेच उरत. मंकबरोबर वाजवताना क्षणभर लक्ष ढळलं तर लिफ्टच्या रिकाम्या विहिरीत पाय पडल्यासारखं होतं, असं कोल्ट्रेन म्हणायचा. पियानोने पाया दाखवला नाही तर तो आपल्या डोक्यात बाळगावा लागतो, ही तालीम त्याला तिथे मिळाली. या दोघांची 29 नोव्हेंबर 1957ची कार्नेगी हॉलमधली मैफल टेपवर होती, पण ती टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणाच्या लक्षात न येता पडून राहिली आणि 2005मध्ये सापडली.

1958मध्ये तो माइल्सकडे परतला तेव्हा वेगळाच वादक झालेला होता. आयरा गिट्लर या समीक्षकाने त्याच्या वादनाला 'शीट्स ऑफ साउंड' (नादाच्या चादरी) म्हटलं, आणि हा शब्दप्रयोग त्याला कायमचा चिकटला. ऐकायला तो नुसता सुसाट स्वरांचा लोट वाटतो. आत मात्र हिशेब आहे. खाली एक कॉर्ड वाजत असताना कोल्ट्रेन तिच्या जागी मनात तीन कॉर्ड मांडायचा आणि तेवढ्याच वेळात तिन्हींचे स्वर घेऊ बघायचा. ते चार-चारच्या सरळ गटांत मावेनात, म्हणून पाच-पाच, सात-सात स्वरांचे गट करून कोंबायचा. आपल्याकडच्या तानेशी याचं वरवर साम्य आहे, पण आपली तान एकाच साभोवती फिरते. ही तान फिरता फिरता सा बदलते.

आता 'जायंट स्टेप्स'. यात तीन सा आहेत. पहिला पांढरी सात, दुसरा पांढरी पाच, तिसरा काळी दोन. पांढरी सातपासून एकाच अंतराच्या उड्या मारत खाली आलात तर हे तीन टप्पे लागतात आणि तिसऱ्या उडीला पुन्हा पांढरी सात, म्हणजे सप्तकाचे बरोबर तीन समान भाग. एका साच्या नजरेतून पाहिलं तर बाकीचे दोन त्याचे शुद्ध गांधार आणि कोमल धैवत होतात. आपल्याकडे षड्जचालन करून एका रागाच्या स्वरांतून दुसरा राग दाखवतात, ते क्षणभर चमत्कृतीसाठी असतं. कोल्ट्रेनने षड्जचालन हीच रचना केली. पहिल्या दोन बारमध्ये पाया दोनदा सरकतो आणि तिसऱ्या बारला तिसऱ्या सावर जाऊन टेकतो. तेही मिनिटाला पावणेतीनशेच्या वर मात्रांच्या लयीत.

मूळ तबकडी ऐकताना टॉमी फ्लॅनगनच्या पियानोकडे कान द्या. मुरलेला वादक, पण त्याचा एकल भाग अडखळतो, तुटतो, आणि शेवटी नुसत्या कॉर्ड दाबत राहतो. कोल्ट्रेनने हा क्रम घरी कित्येक दिवस घोटला होता, फ्लॅनगनला तेवढी सवड मिळाली नव्हती. तरी ते तसंच तबकडीवर गेलं. मला हा अडखळलेला पियानो फार मोलाचा वाटतो, कारण ही रचना किती अवघड आहे हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगत नाही. आज जगभरचे जॅझचे विद्यार्थी 'जायंट स्टेप्स' परीक्षेसारखी वाजवतात. कोल्ट्रेनने स्वतः मात्र ती नंतर जवळजवळ सोडूनच दिली. ती वाट तिथे संपत होती.

पुढची वाट त्याच तबकडीवर आहे, 'नाइमा'मध्ये. ही त्याच्या पहिल्या पत्नीच्या नावाची संथ धून. वर पियानो एकाहून एक चमत्कारिक कॉर्ड बदलतो आणि खाली बास एकच स्वर धरून बसतो. मधल्या भागात दुसरा स्वर धरतो, मग परत पहिल्यावर येतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या माणसाला इथे सुटल्यासारखं वाटतं.

1960च्या ऑक्टोबरमध्ये त्याने 'माय फेवरिट थिंग्ज' मुद्रित केलं. ज्या संगीत नाटकातलं हे गाणं, ते 'द साउंड ऑफ म्युझिक' तेव्हा ब्रॉडवेवर वर्षभरापूर्वीच आलं होतं, चित्रपट 1965चा. कोल्ट्रेनने या गोड गाण्याचं जे केलं ते आपल्या कानाला समजावून सांगायची गरजच नाही. गाण्याची धून वाजवायची, मग मूळ कॉर्डचा सगळा संसार बाजूला ठेवून एका साभोवती पियानोची दोन कॉर्डची फेरी लावून द्यायची आणि तिच्यावर मनसोक्त विस्तार करायचा. आधी कोमल गांधाराचा परिसर, मग शुद्ध गांधाराचा, पुन्हा कोमल. जोग राग ज्यांना आवडतो त्यांनी या दोन गांधारांची ये-जा जरूर ऐकावी. टेनरऐवजी इथे त्याच्या हातात सोप्रानो सॅक्सोफोन आहे, सरळ नळीचा, सनईच्या नाकातल्या आवाजाकडे झुकणारा. तीन मात्रांच्या झोक्यावर पावणेचौदा मिनिटं हे चालतं, आणि तबकडी चक्क खपली.

याच सुमाराला त्याची स्वतःची चौकडी जमत गेली: पियानोवर मॅकॉय टायनर, ड्रमवर एल्विन जोन्स आणि पुढे बासवर जिमी गॅरिसन. टायनर कॉर्ड अशा रचायचा की त्या अमुकच साच्या आहेत असं ठामपणे कळू नये. त्यामुळे वर कोल्ट्रेनला कुठेही जायची मुभा राहायची. एल्विन जोन्सबद्दल खरं तर वेगळा लेख हवा. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि गायक लयकारी करतो, किंवा उलट. एल्विन दोन्ही एकदम करतो. तीनच्या चालीत दोनचं वजन, त्यात वर चारचा पसारा, आणि तरी सम हरवत नाही. कितीतरी ठिकाणी पियानो थांबतो, मग बासही थांबतो आणि कोल्ट्रेन व एल्विन दोघंच उरतात. ती साथसंगत नव्हे, सवालजवाबही नव्हे. दोघं एकाच वेळी बोलतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकू येतं.

नोव्हेंबर 1961मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' क्लबात त्याच्या मैफिली मुद्रित झाल्या. 'चेसिन द ट्रेन' ही त्यातली सोळा मिनिटांची रचना तबकडीची एक अख्खी बाजू खाते. अमेरिकेतल्या श्रोत्यांना एवढं लांब एकट्याचं वादन उद्धट वाटलं. त्यांचंही चुकलं नाही, कारण जॅझ तीन मिनिटांच्या तबकड्यांवर वाढला होता. आपले ख्यालगायकही त्याच तीन मिनिटांत कोंबले गेले होते, पण आपल्याकडे मैफल तासाभराचीच राहिली. 'डाउन बीट' मासिकात जॉन टायनन याने कोल्ट्रेन आणि त्याच्या जोडीला वाजवणाऱ्या एरिक डॉल्फीच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवलं. पुढल्या वर्षी त्याच मासिकाने दोघांना उत्तर द्यायला जागाही दिली. लांबणीवरून माइल्सचाही एक किस्सा सांगतात. कोल्ट्रेन म्हणाला, सुरू केलं की थांबायचं कसं ते कळत नाही. माइल्स म्हणाला, तोंडातून वाद्य काढून बघ.

त्याच मैफिलींत 'इंडिया' नावाची रचना आहे. दोन बासवादक, त्यातल्या एकाने पाया धरून ठेवलेला. कोल्ट्रेन त्या काळात रविशंकरांच्या तबकड्या लक्ष देऊन ऐकत होता, पुढे त्यांना भेटला, त्यांच्याकडून राग-तालाची प्राथमिक ओळख करून घेतली आणि 1965मध्ये झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. तो रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. यावरून कोल्ट्रेन 'राग वाजवायचा' असं आपल्याकडे कुणी कुणी अभिमानाने म्हणतं, ते खरं नाही. त्याच्याकडे रागाचं चलन नाही, वादी-संवादी नाही, वर्ज्य स्वर तर मुळीच नाही. त्याने घेतला तो स्थिर सा आणि त्यातून मिळणारा निवांत वेळ. त्या साच्या वर तो बाराही स्वर वापरतो, मुद्दाम बाहेर जातो, आणि आत परतण्याची ओढ हाच त्याचा रस.

राजकारणावर तो फारसं बोलत नसे. 15 सप्टेंबर 1963ला अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी बाँबस्फोट घडवला आणि चार मुली मेल्या. दोन महिन्यांनी, 18 नोव्हेंबरला, त्याने 'अलाबामा' वाजवलं. खाली पियानोचा घुमणारा एकच पट्टा, सुरुवातीला ठेका नाही, वर सॅक्सोफोनचे तुटक उच्चार. पाच मिनिटांची ही रचना ऐकून झाल्यावर लगेच दुसरं काही लावू नये.

9 डिसेंबर 1964ला न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत चौकडीने 'अ लव्ह सुप्रीम' एका बैठकीत मुद्रित केलं. चार भाग, एकूण तेहतीस मिनिटांच्या आसपास. पहिल्या भागात गॅरिसनचा बास चार स्वर वाजवू लागतो. पांढरी चारला सा धरा: सा, कोमल ग, सा, म. एवढंच. मग कोल्ट्रेनचा विस्तार येतो, आणि तो ओसरत असताना कोल्ट्रेन तेच चार स्वर सॅक्सोफोनवर घेतो व ते एकामागून एक वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवतो, बाराच्या बारा. खाली गॅरिसन आपली जागा सोडत नाही. 1959च्या दोन्ही रचना इथे एकत्र आल्या आहेत: खाली 'सो व्हॉट'चा स्थिर पाया, वर 'जायंट स्टेप्स'चा भटका सा. फरक एवढाच की आता त्याला वेगाची गरज उरलेली नाही. बारा ठिकाणी जाऊन आल्यावर तो वाद्य बाजूला ठेवून त्याच चार स्वरांवर रचनेचं नाव म्हणू लागतो, पुन्हा पुन्हा, नामजपासारखं.

शेवटच्या भागाला ठेका नाही. तबकडीच्या वेष्टनावर कोल्ट्रेनने ईश्वराला उद्देशून लिहिलेली कविता छापलेली आहे. लुईस पोर्टर या अभ्यासकाने दाखवून दिलं की त्या भागातला सॅक्सोफोन ही कविताच अक्षरागणिक 'वाचतो'. कविता समोर धरून ऐका. ओळ संपते तिथे सूर खाली उतरतो, हे सहज कळतं. गायकी अंगाने वाजवणं आपल्याला नवं नाही, पण इथे बंदिश कुणी कधी गायलेलीच नाही.

यानंतर जे झालं त्यावर आजही भांडणं होतात. 28 जून 1965ला अकरा वादकांनी 'असेन्शन' मुद्रित केलं: चाळीस मिनिटं, ठरलेलं फारच थोडं, आणि अनेकदा सगळे एकदम. सा कुठे आहे हा प्रश्नच इथे मोडीत निघतो. वर्षअखेरीस टायनर सोडून गेला, पाठोपाठ एल्विन. त्यांच्या जागी कोल्ट्रेनची दुसरी पत्नी ॲलिस पियानोवर आणि रशीद अली ड्रमवर आला. जोडीला फॅरो सँडर्सचा किंचाळता सॅक्सोफोन. या काळातलं बरंचसं संगीत मला आवडतं असं मी म्हणणार नाही. पण फेब्रुवारी 1967मध्ये फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम अशा जोडीने मुद्रित केलेलं 'इंटरस्टेलर स्पेस' ऐकलं की त्या गोंगाटातही तो किती शिस्तीने वाजवत होता ते दिसतं. पाच महिन्यांनी, 17 जुलैला, यकृताच्या कर्करोगाने तो गेला. चाळीस वर्षांचा होता. रविशंकरांकडे रीतसर शिकायचं राहून गेलं.

ॲलिसने पुढे तानपुरा आणि हार्प घेऊन स्वतःची वाट काढली, आपले गुरू स्वामी सच्चिदानंद यांच्या नावाची तबकडी 1971मध्ये काढली, तुरीयसंगीतानंद हे नाव घेतलं आणि कॅलिफोर्नियात आश्रम काढून तिथे ऑर्गनवर भजनं गायली. आपली ओळखीची भजनं डेट्रॉइटच्या चर्चसंगीताच्या ढंगात कशी लागतात याची उत्सुकता असेल तर तीही सापडतात. तिचं संगीत नवऱ्याच्या सावलीतलं मानणारे ते नीट ऐकत नाहीत, एवढंच म्हणेन.

कुठून सुरुवात करावी हा प्रश्न येणारच. काळाच्या क्रमाने जाऊ नका. 'माय फेवरिट थिंग्ज' आधी, कारण गाणं ओळखीचं आहे आणि सा कुठे जात नाही. मग 'नाइमा', मग 'सो व्हॉट'. त्यात धून झाल्यावर पहिला भाग माइल्सचा आणि लगेच दुसरा कोल्ट्रेनचा आहे, दोघांच्या स्वभावातला फरक तिथेच कळतो. 'अ लव्ह सुप्रीम' सलग ऐकायला वेळ असेल तेव्हाच. 'जायंट स्टेप्स' त्यानंतर, आणि ती कळेपर्यंत एका वेळी एकच आवर्तन. 'असेन्शन' सगळ्यात शेवटी ठेवा, दहा मिनिटांत बंद केलंत तरी कुणी रागावणार नाही.